चावीच्या ग्रामोफोनचा सूर शेवटी का उतरतो? मोटरमध्ये काय झिजतं आणि काय दुरुस्त होतं

माळ्यावरची काळी पेटी कधीतरी खाली उतरते. धूळ झटकली जाते, झाकण उघडतं, कप्प्यात हँडल सापडतं आणि घरातलं कुणीतरी हौसेनं चावी द्यायला लागतं. थाळी फिरते, पहिलं मिनिट छान जातं. दुसऱ्या मिनिटाला गाणाऱ्याचा आवाज जरा जाड वाटायला लागतो आणि शेवटी, जिथं तानांची गर्दी असते नेमका तिथंच, गवई झोपेत गात असल्यासारखा वाटतो. मग "रेकॉर्ड जुनी झाली" किंवा "सुई बदलायला हवी" असा निकाल लागतो आणि पेटी परत माळ्यावर जाते.

बहुतेक वेळा दोष रेकॉर्डचाही नसतो आणि सुईचाही नसतो. तो थाळीखालच्या मोटरमध्ये असतो. ही मोटर विजेवर नाही, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखी स्प्रिंगवर चालते. तिच्यात झिजणाऱ्या जागा मोजक्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा आजही दुरुस्त होतात. मात्र दुरुस्ती कुठून सुरू करायची हे कळलं नाही तर शंभर वर्षं टिकलेली मोटर एका संध्याकाळीत कायमची बाद होऊ शकते.

चालवणं सोपं, आवरणं अवघड

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. तो नळकांड्यावर आवाज कोरायचा. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरनं १८८७ मध्ये आणला. बर्लिनरची सुरुवातीची यंत्रं हातानं फिरवायची होती. हात जितका स्थिर तितकं गाणं सुरात, त्यामुळं ती खेळणी म्हणूनच जास्त खपली. १८९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅम्डेन गावात यंत्रांचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सननं बर्लिनरच्या ग्रामोफोनसाठी स्प्रिंगची मोटर बनवून दिली आणि घरोघरी वाजू शकेल असं यंत्र तयार झालं.

आपल्याकडं सापडणारी बरीच यंत्रं म्हणजे हँडबॅगेसारखी उचलून नेता येणारी पोर्टेबल. एचएमव्हीचं १०२ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. १९३१ मध्ये ते बाजारात आलं आणि १९५० च्या दशकापर्यंत बनत राहिलं. भारतात ७८ च्या रेकॉर्ड साठच्या दशकातही निघत होत्या, त्यामुळं ही यंत्रं इथं बराच काळ वापरात राहिली. कर्णा असो वा पोर्टेबल, मोटरीची मूळ रचना साधारण सारखीच.

एका गोल डब्यात पोलादी पट्टीची गुंडाळी असते, तीच मुख्य स्प्रिंग. पट्टी साधारण इंचभर रुंद, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड आणि उलगडली तर काही मीटर लांब. चावी दिली की ती मधल्या दांड्याभोवती घट्ट बसते आणि मोकळी होताना दात्यांची चाकं फिरवते. डबा अगदी सावकाश पण मोठ्या जोरानं फिरतो. मधली चाकं जोर घटवतात आणि वेग वाढवतात. थाळीच्या उभ्या दांड्यापर्यंत येताना तो मिनिटाला ७८ फेऱ्या होतो. त्याच दांड्यावरचं एक चाक पुढं एक बारीक दांडा फिरवतं, तो मिनिटाला शेकडो फेऱ्या घेतो. या बारीक दांड्यावर बसलेला असतो गव्हर्नर.

गव्हर्नर म्हणजे मोटरीचा लगाम. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जी युक्ती लावली, तिचंच हे लहान भावंड. दांड्याभोवती तीन पातळ पोलादी पट्ट्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर एक वजन. पट्ट्यांचं एक टोक दांड्याला पक्कं, दुसरं एका सरकत्या चकतीला. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात, चकती ओढली जाते आणि चामड्याच्या किंवा फेल्टच्या तुकड्यावर घासते. वेग कमी झाला की चकती मागं जाते. वेगाचा स्क्रू किंवा काटा फिरवतो तेव्हा आपण फक्त हा तुकडा पुढं-मागं करत असतो.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं निदान सोपं होतं. गव्हर्नर जादा वेग खाऊ शकतो, कमी पडलेला वेग देऊ शकत नाही. म्हणून गाणं शेवटी शेवटी मंद होत असेल तर ताकद कमी पडते आहे, म्हणजे स्प्रिंग थकली आहे किंवा वाटेत कुठंतरी घर्षण वाढलं आहे. वेग ठीक आहे पण सूर सतत थरथरतो आहे, असं असेल तर लगामाकडं बघावं. आणि दर फेरीला एकदा आवाज वर-खाली होत असेल तर मोटरला हात लावण्याआधी रेकॉर्डचं भोक मध्यावर आहे का आणि थाळी वाकलेली नाही ना, हे पाहावं. पुष्कळ मोटरी या शेवटच्या कारणासाठी विनाकारण उघडल्या जातात.

सहा टक्क्यांचा हिशेब

थोडा वेग इकडंतिकडं झाला तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण वेग सहा टक्क्यांनी घटला की सूर जवळपास अर्ध्या स्वरानं उतरतो. ७८ ऐवजी थाळी साडेत्र्याहत्तरच्या आसपास फिरली की काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एकमध्ये ऐकू येतं. लय तेवढीच रेंगाळते आणि आवाजाचा पोतही बदलतो, बाईचा आवाज जाड होतो, पुरुषाचा घोगरा. जुन्या रेकॉर्डवरून एखादा गायक कुठल्या पट्टीत गायचा, त्याची तान किती वेगाची होती, हे ठरवणाऱ्यांच्या हातात झिजलेली मोटर असेल तर निष्कर्षही झिजलेलेच निघतात.

दहा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची. म्हणजे मोटरला एका चावीत अडीचशेच्या आसपास फेऱ्या एकाच वेगानं द्यायच्या असतात. तीन मिनिटांत ख्याल बसवणारे गायक द्रुत ताना आणि चढती लय शेवटासाठी राखून ठेवत. दमलेली स्प्रिंग दगा देते तीही शेवटीच.

उघडण्याआधी चावी पूर्ण उतरवा

हा भाग वाचून सोडून देण्यासारखा नाही. भरलेल्या चावीची मोटर उघडणं धोक्याचं आहे. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर फक्त गव्हर्नरनं अडवून धरलेला असतो. चावी भरलेली असताना गव्हर्नर सैल केला तर सगळी चाकं क्षणात सुसाट सुटतात आणि पितळी दाते सोलून निघतात. बोट मध्ये असेल तर तेही.

म्हणून ब्रेक सोडून थाळी आपोआप पूर्ण थांबेपर्यंत फिरू द्यायची. मग हातानं थोडी ढकलायची, पुन्हा फिरली तर अजून जोर शिल्लक आहे. मोटर अडकलेली असेल आणि चावी उतरतच नसेल, तर ते काम माहीतगारालाच द्यावं. डब्यातून स्प्रिंग काढणं तर त्याहून वाईट. चावी उतरली तरी डब्यात दाबून बसलेली पट्टी सुटताना चाबकासारखी बाहेर येते, आणि तिच्या कडा धारदार असतात. जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा, एवढ्याशिवाय तिला हात लावू नये. मुलांसमोर प्रात्यक्षिक करण्याचा हा विषय नाही.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला तर तो आत जाऊन चाक अडवतो.

झीज की नुसता मळ?

"मोटर झिजली" म्हणून आलेल्या कितीतरी यंत्रांत झीज नाममात्र असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी भरलेलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं असतं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग एकदम सुटतात. वाजताना आतून 'धप्प' असा आवाज येतो आणि सुई उडते, ते याचंच लक्षण. स्प्रिंग तुटली असं समजून लोक घाबरतात. तुटलेल्या स्प्रिंगची खूण वेगळी आहे. तिथं हँडल कितीही फिरवलं तरी हाताला ताण लागतच नाही, किंवा थोडा ताण येऊन निसटतो.

चिकटलेली स्प्रिंग काढून रॉकेलमध्ये भिजवायची, फडक्यानं स्वच्छ पुसायची, पूर्ण कोरडी करायची आणि ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर देऊन पुन्हा डब्यात वेढे घालत बसवायची. भरपूर ग्रीस कोंबण्यात शहाणपण नाही, जादा ग्रीस उन्हाळ्यात पाझरून खालच्या लाकडावर उतरतं. चाकं, दांडे, भोकं यांनाही असंच धुऊन घ्यायचं. दात्यांच्या मुळाशी साचलेला काळा गाळ लाकडी टूथपिकनं निघतो. सुईनं किंवा ब्लेडनं खरवडू नये. हे सगळं झाल्यावरच खरी झीज किती आहे ते दिसतं. धुण्याआधी भाग बदलायला निघालेला कारागीर असेल तर यंत्र तिथून परत आणलेलं बरं.

तेलाबद्दल एक घरगुती गैरसमज. हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल घातलेल्या मोटरी नेहमी सापडतात. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, त्यामुळं थंडीतल्या सकाळी मोटर जागची हलत नाही. गंज सोडवणारे स्प्रेही कामाचे नाहीत, ते उडून जातात आणि जागा कोरडी पडते. दांड्यांच्या टोकांना शिवणयंत्राचं पातळ तेल, दात्यांना थोडं ग्रीस, एवढं पुरतं.

स्प्रिंग: जाड म्हणजे जोरकस नव्हे

स्वच्छ केल्यावरही गाणं शेवटपर्यंत जात नसेल तर स्प्रिंग खरोखर थकली असू शकते. वर्षानुवर्षं चावी भरून ठेवलेली पट्टी हळूहळू त्याच आकाराला सरावते. डब्याबाहेर काढल्यावर चांगली स्प्रिंग मोठ्या वेढ्यांनी ऐसपैस उघडते, थकलेली लहानशा भेंडोळ्यासारखी पडून राहते.

तुटलेल्या स्प्रिंगचं काय करायचं हे ती कुठं तुटली त्यावर ठरतं. टोकाजवळ तुटली असेल तर तेवढा भाग कापून नवं भोक पाडता येतं. पोलाद कडक असतं म्हणून आधी ते टोक ज्योतीवर लाल करून सावकाश थंड होऊ द्यावं लागतं, तेव्हाच ते नरम होतं आणि भोक पाडताना तडकत नाही. लांबी थोडी कमी झाल्यानं चावीच्या एक-दोन फेऱ्या कमी होतात, पण गाणं पूर्ण होतं. मधोमध तुटलेल्या पट्टीला मात्र रिव्हेट मारून जोड देण्यात अर्थ नाही. जोडाची जागा वेढ्यांत फुगते आणि पट्टी शेजारीच पुन्हा तुटते.

नवी स्प्रिंग घेताना रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाच्या भोकाचा आकार, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. "थोडी जाड टाकतो, दणकट चालेल" हा सल्ला ऐकू नये. त्याच डब्यात जाड पट्टीचे वेढे कमी बसतात, म्हणजे चालण्याचा वेळ घटतो. शिवाय जादा जोर दात्यांवर पडतो, आणि ते दाते आज कुठं विकत मिळत नाहीत.

गव्हर्नर: कागदाइतक्या पट्ट्यांवर सगळा भार

सूर थरथरत असेल किंवा मोटर खडखडत असेल तर तीन पट्ट्या भिंगाखाली बघाव्यात. स्क्रूच्या भोकाजवळ बारीक तडा जाणं हा त्यांचा नेहमीचा आजार. एक पट्टी तुटली की तिचं वजन लोंबतं, तोल जातो आणि चकती डुलत घासते. तुटलेली एकटीच बदलणं हे अर्धवट काम आहे. तिन्ही पट्ट्या एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या, एकदमच बदलाव्यात. बसवताना स्क्रू आवळण्याआधी पट्टी पीळ न पडता सरळ बसली आहे ना ते पाहावं. पीळ पडलेली पट्टी काही दिवसांतच पुन्हा तुटते.

घासणारा चामड्याचा तुकडा वाळून दगडासारखा झाला की मोटर किंचाळते. तेलाचा एक थेंब तात्पुरता चालतो, नवा तुकडा कायमचा. हे काम चप्पल शिवणाऱ्याकडच्या चामड्याच्या कातरणातूनही होतं, आणि अख्ख्या मोटरीत एवढी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

खरी झीज मात्र गव्हर्नरच्या दांड्यावर असते. त्यावर स्क्रूसारखे तिरपे आटे असतात आणि थाळीच्या दांड्यावरचं चाक त्यांना फिरवतं. हे चाक काही मोटरींत पितळी, काहींत आवाज कमी व्हावा म्हणून फायबरचं. मोटरीतली सगळ्यात वेगवान गाठ हीच, त्यामुळं तेल संपलं की सगळ्यात आधी इथं झिजतं. दाते एका बाजूनं वस्तऱ्यासारखे धारदार झालेले दिसतात.

नवं चाक शोधण्याआधी एक जुनी युक्ती करून बघता येते. बऱ्याच मोटरींत हे चाक दांड्यावर एका छोट्या स्क्रूनं धरलेलं असतं. ते अगदी थोडं वर किंवा खाली सरकवलं तर आट्यांपुढं दात्यांचा न झिजलेला भाग येतो. गव्हर्नरच्या दांड्याची दोन्ही टोकं ज्या बुशांत फिरतात तेही किंचित फिरवून दात्यांची पकड खोल-उथळ करता येते. पकड फार खोल झाली तर मोटर गुरगुरते, उथळ झाली तर दाते निसटतात. दांडा टोकाटोकाला केसभर हलला पाहिजे. अजिबात न हलणारा दांडा गरम होऊन अडकतो आणि जास्त हलणारा सूर थरथरवतो. पाव फेरी फिरवायची, ऐकायचं, पुन्हा पाव फेरी, असं हे काम आहे.

चाक पूर्णच गेलं असेल तर दोन मार्ग उरतात. त्याच मॉडेलच्या मोडक्या मोटरीतून भाग काढणं, किंवा दाते पाडून देणारं वर्कशॉप गाठणं. फायबरचं चाक हायलमच्या जाड शीटमधून नव्यानं पाडता येतं. भोकं झिजून लंबगोल झाली असतील तर लेथवाला ती मोठी करून पितळी किंवा गनमेटलचे बुश बसवतो. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे काम होतं. थाळीच्या दांड्याखाली पोलादाची एक गोळी असते, सगळा भार तिच्यावर. तिच्यावर खड्डा पडला असेल तर त्याच मापाची नवी गोळी सायकलच्या दुकानात मिळून जाते.

जिथं हात टेकावे लागतात

सगळंच दुरुस्त होतं असं नाही. स्वस्त यंत्रांतले काही भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असत. त्या काळच्या जस्तात शिशासारखी भेसळ राहून गेली असेल तर हा धातू आतूनच सडतो. तो फुगतो, त्याला भेगा पडतात आणि बोटानं दाबला तरी तुकडे होतात. त्याला झाळ लागत नाही, आणि चिकटवलेला तुकडा स्प्रिंगचा जोर सोसत नाही. असा भाग पितळेत नव्यानं बनवून घेणं किंवा दुसऱ्या यंत्रातून काढणं एवढंच हातात राहतं.

दुसऱ्या यंत्रातून काढण्याचीही एक दुसरी बाजू आहे. मुंबईच्या चोर बाजारात आणि त्यासारख्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत चकचकीत पितळी कर्ण्याचे 'अँटिक' ग्रामोफोन दिसतात. त्यातल्या पुष्कळांचा कर्णा नवा, लाकडी पेटी नवी, कुत्र्याचं चित्रही नवं. जुनी असते ती फक्त मोटर, आणि ती कुठल्यातरी पोर्टेबलच्या पोटातून आलेली. म्हणजे एक खरं यंत्र मोडून एक शोभेची वस्तू तयार होते, आणि तिच्यात बसते तीच थकलेली स्प्रिंग, तेच धारदार झालेले दाते. घरी साधी काळी पेटी असेल आणि कुणी तिच्या बदल्यात कर्ण्याचा ग्रामोफोन देऊ करत असेल, तर नाही म्हणणं फायद्याचं.

परत बसवल्यावर

मोटर जोडून झाली की वेग मोजायचा, आणि तो रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना. साउंडबॉक्स जड असतो. सुई टेकताच थाळी थोडी हळू होते, म्हणून मोकळ्या थाळीवर मोजलेला वेग फसवा ठरतो. रेकॉर्डखाली कागदाची पट्टी कडेबाहेर येईल अशी ठेवून मिनिटाला ७८ फेऱ्या मोजता येतात. आणखी नेमकं हवं असेल तर ७७ काळ्या पट्ट्यांची गोल चकती कागदावर छापून मध्ये ठेवायची आणि चोकच्या ट्यूबलाइटखाली बघायची. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि वेग बरोबर असला की पट्ट्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. पट्ट्या थाळीच्या दिशेनं पुढं सरकल्या तर वेग जास्त, मागं सरकल्या तर कमी. एलईडीच्या बऱ्याच दिव्यांखाली हा प्रयोग जमत नाही.

मोजणी दोनदा करावी, गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात. दोन्ही वेळा पट्ट्या थांबल्या तर मोटर झाली. वेगाच्या काट्याखाली ७८ लिहिलेलं असलं तरी नव्या चामड्यानंतर खरी जागा थोडी बाजूला सरकते, तिथं पेन्सिलीची खूण करून ठेवावी.

अगदी जुन्या रेकॉर्डसाठी मात्र हा आकडाही शेवटचा नाही. फ्रेड गायसबर्गनं १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्या काळात ७८ हा पक्का ठरलेला वेग नव्हता. तो १९२५ च्या आसपास स्थिरावला. त्याआधीच्या रेकॉर्ड कधी सत्तरच्या घरात, कधी ऐंशीवर मुद्रित झालेल्या असत. तिथं शेजारी पेटी घेऊन बसायचं, हार्मोनियम किंवा तबला कुठल्या स्वरात लागला आहे ते शोधायचं आणि गव्हर्नरचा स्क्रू केसाकेसानं फिरवायचा. वाजवून झालं की उरलेली चावी उतरू द्यायची आणि मगच झाकण लावायचं.